कढई अंगणात, कायदा स्वयंपाकघरात

नेडा रॅटलिफने आयुष्यभर शाळेची बस चालवली. ओहायो नदीच्या बाजूच्या टेकड्यांमधले रस्ते असे की समोरून काय येतंय ते अंगावर आल्यावरच कळतं. पण नेडाच्या हातून कधी एका मुलाला खरचटलंसुद्धा नाही. शेवटचं मूल उतरल्यावर ती प्रत्येक बाकाखाली वाकून बघायची, आणि घरी चहा टाकल्यावर उगाच वाटायचं म्हणून परत बसपाशी जाऊन बघायची. नवरा होता तोवर हसायचा. तो गेला, मग नोकरीही संपली, आणि बाकाखाली बघायची सवय दुसरीकडे कुठेतरी वळवणं भाग पडलं. ती मुलीकडे वळली.

मुलगी म्हणजे टेसा. शहरातलं लग्न मोडून ती वसंतात घरी आली, ती दोन बॅगा आणि एक कुंडी घेऊन. आल्या आल्या म्हणाली, "आई, मी किती दिवस आहे ते विचारू नकोस." नेडाने विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तिचं दुसऱ्या कशात लक्षही लागेना.

शनिवारच्या बाजारात टेबल लावायचं टेसाच्याच डोक्यातून निघालं. "घरचं काहीतरी विकू. चाललं तर हिवाळा इथेच काढीन म्हणते." तिने हे सहज म्हटलं. नेडाने मात्र ते गाठीला बांधलं. टेबल चाललं तर पोरगी राहते. नाही चाललं तर जाते. आता टेबल चालवायचं म्हणजे घरचं काय विकता येतं आणि काय नाही, हे आधी कळायला हवं. नेडाने राज्याच्या शेती खात्याला फोन लावला.

पलीकडची बाई गोड बोलायची. परवाना लागत नाही म्हणाली. फक्त जे पदार्थ फ्रीजबाहेर टिकतात तेच, आणि बरणीवर नाव, पत्ता, साहित्य, वजन, घरगुती असल्याचा उल्लेख.

"सफरचंदाची पाई?"

"चालेल."

"भोपळ्याची?"

"नाही चालणार. तिच्यात अंडं-दूध असतं, ती फ्रीजमध्ये ठेवावी लागते."

"आमच्याकडे ती कट्ट्यावरच असते. ठेवायला उरते कुठे?"

"तरी नाही, मॅडम."

"बरं. भोपळ्याचा पाव?"

"तो चालेल."

"म्हणजे भोपळा चालतो."

"पावात चालतो. भोपळ्याचं बटर करून बरणीत भरलं तर नाही चालणार. ऍपल बटर चालेल."

"आणि काकडीचं लोणचं?"

"ते नाही. जॅम चालेल."

फोन ठेवल्यावर नेडा बराच वेळ खिडकीबाहेरच्या भोपळ्यांकडे बघत बसली. या गरीब भोपळ्याने कुणाचं घोडं मारलं होतं ते तिला कळेना. आईच्या हातची, मैद्याच्या पारीत भाजलेली भोपळ्याची पाई खाऊन ती वाढली, टेसा वाढली, अख्खी चर्चची मंडळी वाढली. पण समजा एखाद्या पोराला बाधली तर? अनोळखी घरातल्या, अनोळखी पोराला? हा विचार एकदा शिरला की बाहेर निघत नाही. तिने भोपळा चार पावांपुरता ठेवला आणि ऍपल बटरवर बोट ठेवलं. तिथे खात्याची बाई स्वच्छ 'चालेल' म्हणाली होती.

ऍपल बटर म्हणजे नावापुरतं बटर. त्यात लोण्याचा थेंब नसतो. सफरचंदं सायडरमध्ये, म्हणजे सफरचंदाच्याच रसात, दिवसभर शिजवून शिजवून काळपट, चकचकीत, पावाला फासण्याजोगी होतात इतकंच. आणि ते करायचं म्हणजे अंगणात. रॅटलिफांची तांब्याची कढई एवढी मोठी की तिला दारातून आत आणायची कुणाच्या मनातही येत नाही. अक्रोडाखाली लाकडं पेटवायची, लांब दांड्याचा लाकडी ढवळा घ्यायचा आणि पहाटेपासून पाळीपाळीने ढवळत राहायचं. दोनदा कडेकडेने, एकदा मधून. तळाला चिकटू नये म्हणून घासूनपुसून तांब्याची नाणी टाकायची. ढवळायला अख्खी टेकडी येते.

त्या ऑक्टोबरातही आली. शेजारचा डेलमर प्रुइट सर्वांत आधी आला आणि सर्वांत कमी ढवळून सर्वांत जास्त बोलला.

"टेसा, शहरात ढवळायला मशीन असतं ना गं?"

"असतं. ते तुमच्यापेक्षा कमी बोलतं, डेलमरकाका."

"ऐक नेडा, पोरगी घरी आली खरी, पण जीभ तिकडून धार लावून आणली."

टेसा हसली. धुराने डोळ्यांत पाणी आलं होतं, गालाला राख लागली होती, आणि ती हसत होती. नेडाने हे बघितलं आणि तिला वाटलं, चाललं टेबल.

बरण्या भरून झाल्यावर लेबलं लिहायला नेडाच बसली. नाव, पत्ता, साहित्य, वजन, घरगुती. सगळं झालं, आणि खाली बोटभर जागा उरली. ती रिकामी बघून तिला चैन पडेना. शेवटी तिने प्रत्येक लेबलावर सुंदर अक्षरात लिहिलं: 'रॅटलिफांच्या अंगणात, तांब्याच्या कढईत, लाकडाच्या जाळावर शिजवलेलं.'

शनिवारी बाजारात पहिल्याच बरणीपाशी लोर्ना थबकली. लोर्ना बाजार सांभाळते. लहानपणी नेडाच्या बसमधूनच शाळेत गेलेली, म्हणून अजूनही तिला 'मिस नेडा' म्हणणारी. तिने बरणी उचलली, लेबल वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"मिस नेडा, हे अंगणात केलंय?"

"मग कुठे करणार?"

"स्वयंपाकघरात. घरगुती म्हणजे घराच्या स्वयंपाकघरात, घरच्या शेगडीवर केलेलं. बाहेरच्या जाळावरचं चालत नाही."

"पण मी विचारलं होतं. ऍपल बटर चालतं म्हणाली ती बाई."

"कुठे करता ते विचारलं होतंत?"

नेडाने ते विचारलं नव्हतं. ऍपल बटर कुठे करतात हे कुणी विचारतं का? अंगणात दुसरं काय करतात?

"लोर्ना, अगं तूच दर वर्षी चर्चमध्ये हेच खातेस," टेसा म्हणाली.

"खाते. आजही खाईन. पण इथे विकू दिलं तर उद्या माझा बाजार बंद पडेल." लोर्नाचाही चेहरा पडला होता. "नसतं लिहिलंत तर मला कळलंही नसतं. तुम्ही तर अक्षर काढून लिहून दिलंय."

ती पुढच्या टेबलाकडे गेली. जाताना पाठ फिरवून म्हणाली, "मी परत येईन तेव्हा ह्या बरण्या इथे नसाव्यात, मिस नेडा. किंवा ही लेबलं नसावीत. मी काही बघितलं नाही."

डेलमर मध विकायला पलीकडेच बसला होता. मध सोडून तो इकडे आला. "एवढंच ना? खालची ओळ फाड. कात्री देऊ?"

टेसाने त्याच्याकडून कात्री घेतली आणि आईकडे बघितलं. "आई, काय करू?"

समोर माणसं थांबायला लागली होती. एक तरुण बाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती. मुलाने बरणीकडे बोट केलं. नेडाला वाटलं, हो म्हणावं. टेबल चालेल, पोरगी राहील. पिढ्यान् पिढ्या हे खाल्लंय, कुणाला काही झालं नाही. मग वाटलं, झालं असेल आणि कळलं नसेल तर? पानं पडतात कढईत. राख उडते. मागच्या वर्षी डेलमरची टोपी पडली होती. कायदा कशासाठी आहे ते तिला अर्धवट पटत होतं आणि अर्धवट नाही. स्वयंपाकघरात तरी मांजर कट्ट्यावर चढतंच की.

"मला कळत नाही," ती म्हणाली. "खरंच कळत नाहीये, टेसा. पण ती ओळ खरी आहे. ती फाडून मला विकवणार नाही."

टेसाने कात्री डेलमरला परत दिली. बरण्या एकेक करून खोक्यात गेल्या. टेबलावर भोपळ्याचे पाव उरले; ते तासाभरात संपले. तेवढ्याने टेबल चालत नाही, हे नेडाला बोटं न मोजता कळत होतं.

घरी पोचल्यावर टेसाने खोकी खोलीत नेली नाहीत. ज्यांनी ज्यांनी ढवळलं होतं, त्यांच्या दारात एकेक बरणी ठेवून आली. मग पडवीतून सफरचंदांचं पोतं ओढत आत आणलं आणि घरातली सगळ्यांत मोठी पातेली शेगडीवर मांडली.

"हे काय?"

"स्वयंपाकघर. सोलायला लाग."

दुपारभर दोघी सोलत बसल्या. सगळ्या खिडक्यांवर वाफ धरली. पातेल्यातलं बटर पुरेसं काळं होईना, आणि चव बघून टेसाने तोंड वाकडं केलं. "धुराची चव नाही."

"धूर बेकायदेशीर आहे," नेडा म्हणाली.

टेसा एवढी हसली की तिला चमचा खाली ठेवावा लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "तुला वाटलं मी टेबलासाठी राहणार होते?"

"तूच म्हणाली होतीस."

"म्हटलं होतं. काहीतरी म्हणायला हवं होतं ना. नुसतं घरी बसायला आलेय असं कसं सांगायचं?"

सहा महिने नेडाने चुकीच्या बाकाखाली बघितलं होतं की काय? की पोरगी आत्ता तिचं मन राखतेय? दोन्ही खरं असू शकतं. तिने ढवळा म्हणून वापरलेला लांब चमचा पातेल्याच्या कडेकडेने फिरवला.

"मग अंगणातल्या कढईचं काय?"

"ती आपल्यासाठी. विकायची नाही, लेबल नाही. पुढच्या वेळी डेलमरकाकांना टोपी घरी ठेवून यायला सांग."

"पुढच्या वेळी म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात," नेडा हळूच म्हणाली.

टेसाने झाकण उचलून आत बघितलं. "तळघरात सफरचंदं कुठवर टिकतात?"

"नीट ठेवली तर मार्चपर्यंत."

"मग मार्चपर्यंत तरी विचारू नकोस. आणि आई, तुझ्या बाजूचं करपतंय."