जाधव वहिनींची खरी वाक्यं

जाधव वहिनी कधी दार वाजवत नसत. थेट स्वयंपाकघरात येऊन उभ्याउभ्याच सांगत, "द मिल्क बॉइल्ड ओव्हर. आत्ताच. ओटा पुसून आले." मी वळेपर्यंत बाई जिना उतरून गायब. पाच मिनिटांनी परत हजर. "वुई हॅव रन आउट ऑफ साखर. हेही खरंय हं. दे वाटीभर."

दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टर्समध्ये त्या खाली, आम्ही वर. दोघींचे नवरे एकाच युनिटमध्ये. वहिनी साताऱ्याकडच्या, डी.एड. झालेल्या. गेटबाहेरच्या एका छोट्या शाळेत दुसरीच्या वर्गाला बाई हव्या होत्या, पण मुलाखत इंग्रजीत. "मला परत वर्ग हवाय गं," म्हणाल्या, "नाहीतर चपात्या लाटता लाटता खुळी होईन मी." मी पुण्याची, इंग्रजी माध्यमातली बी.ए., म्हणून आपसूकच मास्तरीण झाले.

गिव्ह, टेक, पुट, सगळं त्यांना येत होतं. त्या क्रियापदांना अप, ऑफ, आउट चिकटलं की मात्र वहिनी वैतागत. "ही शेपटं कशाला लावतात मेली?" मी पुस्तकातली यादी दिली. पहिलंच वाक्य होतं, माय अंकल कॉल्ड ऑफ द पार्टी. वहिनींनी वही मिटली. "कोण काका? कसली पार्टी? खोटं वाक्य जिभेवर टिकत नाही बघ." संध्याकाळी स्वतःच सांगत आल्या, "नळाला पाणी नाही. आय कॉल्ड ऑफ द धुणं."

तेव्हापासून रोज एक शेपूट आणि दिवसभरात त्याची दहा वाक्यं, सगळी त्याच दिवशी घडलेली. भाजीवाल्या भैयाला "पुट डाउन द लौकी!" म्हणून दटावून झालं. एकदा तर टर्न ऑफ खरं व्हावं म्हणून माझा चालू पंखा बंद करून गेल्या. भर मे महिन्यात! जाधव भाऊजी म्हणायचे, "घरात बोलायची चोरी झालीय." बाई एका जागी बसतील तर शपथ. त्यांच्याकडे बघूनच मला गरगरायचं.

मुलाखतीच्या सकाळी मी त्यांना बजावलं, "पोस्टिंगचं विचारलं तर पाच वर्षं इथेच आहोत म्हणा. सगळ्या तसंच सांगतात." वहिनी तोवर चपला घालून जिना उतरायला लागल्या होत्या.

मी बाहेर बाकावर, दार उघडंच. मुख्याध्यापिका मॅडमनी नेमकं तेच विचारलं. तुम्ही फौजी बायका अर्ध्यावर वर्ग सोडून जाता, तुमचा काय भरवसा? आतून आवाज आला, "ऑर्डर कॅन कम एनी डे, मॅडम. बट आय विल नॉट वॉक आउट इन द मिडल. आय विल सी द क्लास थ्रू. टिल मार्च."

मी कपाळावर हात मारला. गेली नोकरी! पण दुसऱ्याच दिवशी शाळेचा फोन आला.

डिसेंबरात ऑर्डर आली, आमची नाही, एकट्या जाधव भाऊजींची. भाऊजींना सीमेवर जायचं होतं आणि तिथे कुटुंब नेता येत नाही. वहिनींनी गावी सासरी जावं, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. सासूबाईंचा रोज फोन, "नवरा तिकडं आणि तू दिल्लीत कुणासाठी?" मीही शहाणपणा केला. "जाऊ द्या ना वहिनी, शाळेला दुसरी बाई मिळेल."

"मिळेल की. पण शब्द मी दिलाय, तिनं नाही," त्या ताडकन म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याकडे फिरकल्या नाहीत.

तो हिवाळा त्यांनी एकटीनं काढला. वह्या तपासायच्या त्यासुद्धा भिंतीला टेकून, उभ्यानं. चार चार दिवस भाऊजींचा फोन लागत नसे, तेव्हा खालच्या अंगणात नुसत्या येरझाऱ्या. एका संध्याकाळी वर आल्या, हातात मोबाइल. "आय कान्ट गेट थ्रू," एवढंच बोलल्या. वाक्य सुधारायच्या सवयीनं मी तोंड उघडलं, पण सुधारण्यासारखं त्यात काही नव्हतं. मलाच रडू फुटलं. मग त्यांनीच माझ्यासाठी चहा ठेवला.

मार्चअखेर निकाल लागला, वर्ग पुढच्या इयत्तेत गेला. दुसऱ्या दिवशी सामानाचा ट्रक यायचा होता. कपाटाची किल्ली परत करायला वहिनी शाळेत निघाल्या, मीही सोबत गेले. मॅडम म्हणाल्या, "फौजी बाई घेणार नाही म्हणायचे मी. आता तुमच्यासारखीच कुणीतरी हवी. आहे का ओळखीत?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वर्गाच्या खिडक्या लावत सुटल्या होत्या. माझी बी.ए.ची पदवी सहा वर्षं ट्रंकेत पडून होती. कधी विचारलंच कुणी, तर मी म्हणायचे, आज इथे, उद्या तिथे, आमच्यासारखीला कोण घेणार?

"मी आहे," मी म्हटलं. "आमचीही बदली कधीही येईल, मॅडम. पण मार्चच्या आत मी वर्ग सोडणार नाही."

वहिनींनी शेवटची खिडकी लावली, खडूंचा डबा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, "चल, आवर. माझ्या अजून दोन पेट्या बांधायच्या राहिल्यात."