साखरेची बाटली

भिकन शहागंजात साखरेच्या गाठ्या पाडायचा, पाडव्याला गुढीला बांधतात त्या. पाडवा सरला की गाठीला कुत्रंबी विचारत नाही. मग शहरातल्या पोरांना वेबसिरीज काढायचं वेड लागलं आणि भिकनला दुसरा धंदा सापडला: डोक्यावर फोडायच्या बाटल्या.

गाठीसाठी पाक घोटून घोटून पांढरा करतात. बाटलीचं उलटं. पाकात लिंबू पिळायचं, तो कडक होऊ द्यायचा आणि त्याला चमचाही लावायचा नाही, म्हणजे काचेसारखा आरपार राहतो. खऱ्या बाटलीवरून केलेल्या रबरी साच्यात तो फिरवत फिरवत ओतायचा. अशी बाटली डोक्यात बसली की खळकन फुटते आणि मार खाणारा तुकडे चघळत घरी जातो.

मार खाणारा बहुतेक वेळा त्याचा मेहुणा रामप्रसादच असायचा. ‘दाजी, आजची जरा गोड करा,’ म्हणत तो हौसेनं डोकं पुढं करी. त्याला दुसरी कला नव्हती.

त्या दुपारी कन्नड रोडच्या एका ढाब्यावर मारामारीचा सीन लागला होता. भिकन निवांत चहा पीत होता, तेवढ्यात बायकोचा, सुकेशनीचा फोन आला.

"अहो, साच्याची ती बाटली खिडकीत धूळ खात पडली होती. पुसली, लेबल चिटकवलं आन् टाकली तुमच्या खोक्यात. कमी पडाया नको."

"कोणती? काचेची?"

"आता मला काय म्हाईत? सगळ्या सारख्याच दिसत्यात!"

आजवर हीच तर त्याची फुशारकी होती, की आपली बाटली खरीसारखीच दिसते.

तो खोक्याकडं धावला. एक उचलली, हलकी. दुसरी, तीबी हलकी. खोकं पालथं घातलं, सगळा माल साखरेचा. घटकाभर जिवात जीव आला. मग आठवलं, एक बाटली आधीच हिरोच्या हातात गेली होती. हिरोला काय, पहिल्यांदाच धरत होता. जड-हलकं त्याला कुठलं कळायला!

"थांबा! मारू नका!" भिकन ओरडला.

पण सीनमधली सगळी गर्दी तेच ओरडत होती. डायरेक्टर शिवराजनं खुशीत अंगठा दाखवला. रामप्रसाद सवयीनं मान वाकवून उभा राहिला. हिरोचा हात वर गेला.

भिकन कॅमेऱ्यासमोर घुसला आणि मेहुण्याच्या डोक्यावर हात आडवा धरला. बाटली मनगटावर बसली, कळ डोळ्यांपर्यंत गेली. ती मातीत पडली, घरंगळली. साधा टवकाही नाही.

"काय भिकनभाऊ, तुमचा माल फुटंना की!" शिवराज म्हणाला. सगळा ढाबा हसला.

"दाजी, पाक जास्त कडक झाला काय?" रामप्रसादनं टाळू खाजवत विचारलं.

"व्हय," भिकन म्हणाला. सुजणारं मनगट त्यानं शर्टाखाली दाबलं आणि ती बाटली उचलून पिशवीत घातली. पिशवी लई जड लागली.

आता शॉटआधी भिकन हिरोच्या हातातली बाटली स्वतः चाटून बघतो. पोरं खिदळतात.

"आमच्या दाजींना गोडाचा लई नाद," रामप्रसाद सगळ्यांना सांगतो आणि डोकं पुढं करतो.

जिभेला गोड लागेपर्यंत भिकनचा श्वास अडकलेला असतो.