अक्काची झीज

अक्का माझी थोरली जाऊ. न झिजलेल्या वस्तूवर तिचा विश्वास नव्हता. नवा खराटा आणला की शेजारणीला द्यायची आणि तिचा जुना मागून घ्यायची. म्हणायची, "नव्यानं झाडलं की कचरा नुसता जागा बदलतो."

माणसंही ती तशीच पारखायची. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले की ही चहाआधी ओट्यावर जाऊन मुलाच्या चपला उलट्या करायची. एकाला तिनं टाचेवरूनच परत पाठवलं. "एकाच बाजूनं झिजल्यात. पाय ओढतो. आळशी शे." पाचोऱ्याच्या मुलाच्या चपला सगळीकडून सारख्या झिजलेल्या निघाल्या. तोच पसंत केला. तोही आळशीच निघाला. मी बोलून दाखवलं, तर म्हणाली, "भावाच्या घालून आला असंल मेला!"

एकदा बचत गटानं तिचा सत्कार केला. पाहुणे भाषणात म्हणाले, "अक्का कुटुंबासाठी चंदनासारख्या झिजल्या." अक्का खुर्चीतूनच ओरडली, "कुठं झिजले भाऊ? दारातून आडवी निघते मी!" मांडव हसून लोळला. 

मग मात्र तिचे गुडघे खरंच झिजले. जळगावच्या डॉक्टरांनी जमिनीवर बसायला बंदी केली. पुण्याहून मुलगा आला. म्हणाला, "आई, बस झालं. आता माझ्याकडे चल." अक्काला जायचं नव्हतं. ती म्हणाली, "आखाजीला मांडे जमले नाहीत, तर येते."

पोरानं लगेच कबूल केलं. मांडे चुलीपुढं बसून करायचे असतात, हे त्यालाही माहीत होतं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि तापलेल्या उलट्या खापरावर टाकायचा. बसता न येणारी बाई ते काय करणार?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी अक्कानं मला कामाला लावलं. "धाकले, विटा आण." मी कमरेएवढा ओटा रचला आणि वर चूल मांडली. आखाजीला ती पदर खोचून त्या चुलीपुढं उभी राहिली. पहिला मांडा हातावरच फाटला आणि पुरण राखेत पडलं.

मुलगा म्हणाला, "बघ, सांगितलं होतं ना?"

"मना पाय झिजनात, हात नही," अक्का म्हणाली. "सरक तिकडं, उजेड अडवू नको."

दुसरा मांडा तिच्या हातावर असा पसरला की पलीकडं उभा तिचा पोरगा त्यातून दिसत होता. माहेरी आलेल्या लेकी झोके सोडून स्वयंपाकघरात आल्या. मुलानं आमरसाबरोबर तीन मांडे खाल्ले आणि चौथा मागितला.

"पुण्याला मिळत नही का?" अक्कानं विचारलं.

तो एकटाच परत गेला. अक्का पुढं चार वर्षं इथंच राहिली, इथंच गेली. आता मांडे मी करते. माझे गुडघे अजून धड आहेत. तरी चूल खाली उतरवलेली नाही.