दर्यावरची शीम

आईने मस्कतला जायचं ठरवलं, तेव्हा ती पेडण्याहून एकटी फार तर म्हापशापर्यंत गेलेली होती. तिकडे ताईला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायला मनाई केली होती. जावई दिवसभर कामावर. आई म्हणाली, मी जाते. तिला वाचता येत नव्हतं, पण विचारायला तोंड होतं, आणि ते तोंड काय चीज आहे हे आम्ही सगळेच जाणून होतो.

आमच्याकडे माणूस लांब निघाला की तुळशीपुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवाला साकडं घालतात. वाटेतल्या एकेका गावची शीम, म्हणजे हद्द, घ्यायची आणि तिथल्या राखणदार देवावर माणूस सोपवायचा. घरात हा मान काकांचा. आई लग्न होऊन आली तेव्हा काका एवढेसे होते. आजी लवकर गेली आणि या दिराला आईनेच वाढवलं. काजूच्या बागेत राबणारा हा माणूस दिवसाला चार शब्द बोलला तरी खूप, पण गाऱ्हाण्याला त्याचा आवाज असा सुटायचा की शेजारी कुंपणाशी येऊन उभे राहत.

सकाळी काकांनी कोलवाळ घेतलं, म्हापसा घेतला, पणजी घेतली. आम्ही दरवेळी "होय म्हाराजा" म्हणत होतो. दाबोळीच्या विमानतळाशी येऊन ते अडले.

"फुडें किती?" त्यांनी मला विचारलं.

नकाशावर मी मोजलं होतं, अठराशेक किलोमीटर. तिकिटावर निघायची वेळ अकरा, पोचायची सव्वाबारा. म्हणजे सव्वा तास! मस्कत आणि म्हापसा जवळजवळ सारखंच, असं म्हणत घरदार विमानाचं कौतुक करत होतं. "सव्वा तास," मी सांगितलं, "आनी मदीं नुसतो दर्या."

"दर्याची शीम कोणाची?"

आई हसली. "रावंदी हो भावजी, थंयसून विमानवालो व्हरतलो," म्हणाली आणि तिथून पुढे न्यायचं काम विमानवाल्यावर सोपवून बाबांबरोबर टॅक्सीत बसली.

अकरा वाजता काका अंगणात आले. नारळ हातात घेऊन तुळशीपुढे उभे राहिले. "दर्यार कोण ना, जाल्यार हांव उबो रावतां," एवढंच बोलले. दर्यावर कुणी राखणदार नाही, तर ते स्वतःच उभे राहणार होते. मला हसू आलं.

सव्वाबारा झाले. साडेबारा, एक. फोन गप्प. दीड वाजला तशी काकू रडायलाच लागली. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, हे आमच्या कुणाच्या गावीही नव्हतं. मी पंख्याखाली बसून घामाघूम झालो होतो. काका डोक्यावरच्या उन्हात, पाण्याचा घोटही न घेता, हातातला नारळ खाली न ठेवता उभे. त्यांच्या पोटऱ्या थरथरताना मी पाहिल्या. इतकं मोठं माणूस आपल्या घरात राहतं, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

अडीचच्या सुमारास फोन वाजला. जावयाने आधी घड्याळाचा घोळ सांगितला, मग फोन आईला दिला. ती ना ताईचं बोलली, ना विमानाचं.

"हांव पावलें," ती म्हणाली. "भावजींक सांग, आतां बसात."

काका उभे आहेत, हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं.