विलासचे कान

मुलुंडच्या बॅडमिंटन हॉलवर आजही एखादा पोरगा विचारतो, "काका, ती मॅच नक्की कुठं फिरली?" मी त्याला जे सांगतो तेच गेली पस्तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. ते खोटं आहे. खरं काय ते बायकोला ठाऊक नाही, मुलीला नाही. आज तुम्हाला सांगतोय — जमेल तसं.

स्पर्धेचं नाव लिहीत नाही. ऐंशीचं दशक, परदेश, पंचवीस-तीस देशांचे खेळाडू एका वसाहतीत राहायला. एवढं पुरे. नाव दिलं की लोक याद्या काढून बसतात. आम्ही पुरुष दुहेरीत होतो, मी आणि विलास. तो कांजूरमार्गचा, मी मुलुंडचा. सात वर्षं एकत्र खेळलो. त्याचे वडील गिरणीत होते. संपात गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. एका बँकेत खेळाडूंसाठी जागा होत्या. आम्हा दोघांचेही अर्ज गेले होते आणि टीमच्या मॅनेजरचा शेरा त्यात महत्त्वाचा होता. मला नोकरी हवी होती. विलासच्या घरी चूल त्या नोकरीवर पेटणार होती. फरक कळतो ना? मला तेव्हाही कळत होता.

आता दुहेरीची एक गोष्ट सांगतो, तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. शटल दोघांच्या मधोमध आलं की घ्यायचं कुणी? आमच्या सरांचा नियम होता — जो आधी ओरडेल "माझं!" त्याचं. दुसऱ्यानं त्या क्षणी रॅकेट खाली करायची. मग शटल त्याच्या नाकावर का येईना. सर डोळ्यांत तेल घालून बघायचे. रॅकेट वर राहिली तर कोर्टाला दहा चकरा. विलासच्या अंगात तो नियम इतका भिनला होता की माझा आवाज आला की त्याचा हात आपोआप खाली जायचा.

मॅचच्या आदल्या दिवशी मी त्याला जेवणाच्या हॉलमध्ये पाहिलं. आमच्याच टीममधला दक्षिणेकडचा एक खेळाडू होता, त्याच्या जोडीदाराचा गुडघा गेला होता. तो, मॅनेजर आणि विलास एका टेबलावर. मी जवळ गेलो तर बोलणं थांबलं. थांबलं की संपलं? मला तेव्हा थांबलंच वाटलं. विलास म्हणाला, "बस ना यार, झकास खीर आहे." खीर! मी रात्रभर त्या खिरीचा अर्थ लावत होतो. हा मला सोडणार. नवी जोडी ठरली. म्हणूनच सकाळपासून हा इतका गोड वागतोय. त्यानं माझे बूट पुसून ठेवले होते — तेही संशयास्पद वाटलं. विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. नाही विचारलं.

तिसरा गेम. ते चौदावर, आम्ही बारावर, सर्व्हिस त्यांची; तेव्हा गेम पंधराला संपायचा. त्यांचे प्रेक्षक ढोल बडवत होते. एक शटल उंच, सावकाश आलं — आमच्या मध्ये, किंचित विलासच्या बाजूला. त्याची रॅकेट वर गेली होती. त्यानं ते मारलंच असतं.

मी ओरडलो, "माझं!"

त्याचा हात खाली आला. तो बाजूला सरकलासुद्धा, मला जागा द्यायला. आणि मी हललो नाही.

आजवर स्वतःलाच सांगत आलो की पाय अडकला, दिव्यानं डोळे दिपले. नाही. त्याची रॅकेट खाली जाताना मला दिसली आणि मनात स्वच्छ आलं — बघू दे मॅनेजरला. बघू दे त्या दुसऱ्यालाही, कसला जोडीदार घेतोय. शटल विलासच्या पायाशी पडलं, मॅच गेली. ढोलांत माझी हाक कुणालाच ऐकू गेली नव्हती. लोकांना दिसलं ते इतकंच — सोपं शटल समोर, आणि विलास रॅकेट खाली करून उभा.

बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. मॅनेजर पुढच्या सीटवर. विलास हळूच म्हणाला, "तू 'माझं' म्हणालास ना रे?"

मी म्हणालो, "नाही यार. तुला भास झाला."

मॅनेजरनं मागं वळून पाहिलं. शेऱ्यात काय लिहिलं ते मी वाचलं नाही. मला बँकेतून पत्र आलं, विलासला आलं नाही.

तो चिडला असता, भांडला असता, तर कदाचित मी बोललो असतो — कदाचित. पण त्याचा माझ्यावर विश्वास होता. महिन्याभरानं म्हणाला, "कानाच्या डॉक्टरकडे येतोस का? एकट्याला बरं नाही वाटत." घाटकोपरला गेलो. काचेच्या खोलीत त्याच्या कानांना यंत्र लावलं. आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेरून बघत होतो. त्याचं बोट पुन्हा पुन्हा वर जात होतं. जिन्यात रिपोर्ट हातात घेऊन तो हसला, "कान ठणठणीत आहेत म्हणे. म्हणजे डोक्यातच लोचा दिसतोय."

"असेल रे," मी म्हणालो. "टेन्शनमध्ये होतं असं."

त्यानंतर तो खेळला नाही. एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात लागला, तिथूनच निवृत्तीला आलाय. त्या टेबलावर ते काय बोलत होते, मला आजही माहीत नाही. आणि हेही सांगून टाकतो — तो खरंच मला सोडणार होता असं कुणी सिद्ध करून दिलं तर मला बरं वाटेल. अजून.

आमचं येणं-जाणं आहे. लग्नाकार्यात कुणी जुनी मॅच काढली की विलास स्वतःच हात वर करतो, "अरे, वाट मी लावली! भलतंच ऐकलं मी." लोक हसतात. तोही हसतो. गेल्या महिन्यात त्यानं हे त्याच्या नव्या जावयाला सांगितलं. मी शेजारीच उभा होतो.