अम्मीच्या तोंडी दुसऱ्या बाईचा आवाज

"हे मराठी आहे? मला तर भांडण चालल्यासारखं वाटतंय."

एडिटिंगच्या खोलीबाहेर मी चहाचे कप घेऊन उभी होते. आत आमचं फिल्म वर्कशॉप भरवणाऱ्या मॅडम, पुण्याच्या, आणि त्यांच्या ओळखीचा एडिटर. बोलला तो. पडद्यावर माझी अम्मी. इथल्या, आखातातल्या अल वक्राच्या आमच्या घरात मासळी साफ करता करता विचारत होती, "सांग गो बाय, आज तरी पोटभर जेवलीस?" कॅमेऱ्यामागून मी म्हणत होते, "येस, अम्मी." आमच्यात असंच चालतं. ती रत्नागिरीकडची मराठी बोलते, मी इंग्रजीत उत्तर देते.

दोघं हसले. मी आत गेले, कप ठेवले.

"साउंड आम्ही नीट करतो हं," मॅडम म्हणाल्या.

मी मान हलवली.

वर्कशॉप घ्यायला तैवानचे एक म्हातारे दिग्दर्शक आले होते. कॅमेरा जमिनीलगत ठेवायला ते जुन्या जपानी सिनेमांतून शिकले. पुढे फ्रान्समध्ये, अमेरिकेत, परक्या भाषांत सिनेमे केले. पहिला मात्र गावात, स्वतःच्या आईला घेऊन. तेव्हा तिकडे पडद्यावर गावची बोली चालायची नाही. शहरातल्या नटीनं आईचं डबिंग केलं. थिएटरात आईनं त्यांना विचारलं, "माझ्या तोंडात ही कोण बाई?"

त्यांनी हे सांगितलं तेव्हा वर्गात सगळे हसले. ते हसले नाहीत.

शेवटच्या दिवशी आमच्या फिल्म दाखवल्या. अम्मी ईदचा ड्रेस घालून आली, माझ्या शेजारी बसली. पडद्यावर तिचे ओठ हलले. आवाज आला, "सांग ना बाळा, आज तरी पोटभर जेवलीस का?" स्वच्छ. गोड. मॅडमचा.

अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. मग ओढणी तोंडावर घेतली.

"बरा केलास," ती हळूच म्हणाली. "माझा बोलना लोकांत बरा नसता दिसला."

तिला वाटलं, मीच केलं. आणि तिनं मला माफही करून टाकलं होतं. तिथल्या तिथे.

दिवे लागले. टाळ्या. मॅडमनी माइक पुढे केला. "लाजतेस काय? थँक्यू तरी म्हण."

मी उभी राहिले. अम्मीला कळावं म्हणून मराठीत बोलले.

"अम्मी, हे मी केलं नाही. मॅडम, माझी फिल्म परत द्या. माझ्या आईचा आवाज असेल तरच ती दाखवीन. नाहीतर कुठंच नाही."