हात थरथरतो म्हणे

आमच्या सोलापूरच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या वार्षिक सभेत मी एका समितीसाठी आपण होऊन नाव दिलं. शेजारी बसलेल्या बालरोगतज्ज्ञ बाई लगेच माझ्याकडे वळल्या.

"पुढच्या निवडणुकीला उभी राहणार आहेस वाटतं?"

"नाही हो."

"मग हॉस्पिटल बांधतेयस?"

मी त्यालाही नाही म्हटलं. त्या हसल्या, पण पटल्यासारख्या नाही. संघटनेत आपण होऊन कुणी काही करत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

माझं कारण साधंच होतं. आदल्या वर्षी मणक्याच्या दुखण्यानं मी बराच काळ अंथरुणाला खिळून होते. फोन पुष्कळ आले. बहुतेकांना हवं होतं ते एवढंच, की तुमचे कानाचे पेशंट सध्या कुणाकडे पाठवायचे. तू उठून बसतेस का, जेवतेस का, हे विचारायचं फारसं कुणाला सुचलं नाही. त्या पडून राहण्याच्या दिवसांत मलाही एक वाईट खोड लागली. कुणी गोड बोललं की याला काय हवंय, हे मी आधी शोधायची. आणि ही समिती होती आजारी पडलेल्या, खचलेल्या, अडचणीत आलेल्या डॉक्टरांची विचारपूस करण्यासाठी. कागदावर होती, पण काम करायला कुणी तयार नव्हतं.

समितीचे अध्यक्ष सर्जन होते, माझ्याच वयाचे. चार-पाच जण मिळून होटगी रोडला मोठं हॉस्पिटल उभं करत होते. पहिल्या बैठकीला त्यांनी मला एकटीलाच बोलावलं होतं. मी बसल्यावर त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"एक नाजूक काम आहे, मॅडम. सरांचा हात थरथरतो म्हणे."

सर म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती. नवी पेठेतले सर्जन, सत्तरी ओलांडलेले. मी कान-नाक-घशाची पदवी घेऊन शहरात आले तेव्हा माझ्याकडे ऑपरेशन थिएटर नव्हतं, आणि ते देणारं कुणी ओळखीचंही नव्हतं. सरांनी त्यांचं थिएटर मला उघडून दिलं होतं. "रिकामं असेल तेव्हा वापर. दर वेळी विचारायला येऊ नकोस," एवढंच म्हणाले होते. पाठीच्या दुखण्यानंतर मी ऑपरेशनं बंद केली होती, त्यामुळे वर्षभर माझं तिकडं जाणं झालं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"बोलतात लोक."

"मग तुम्हीच जाऊन या की."

"मी गेलो तर लोक म्हणतील, याचं नवीन हॉस्पिटल होतंय म्हणून आलाय. तुमच्याबद्दल कुणाला संशय येणार नाही."

मला तोच संशय आला होता. सरांनी सुरी खाली ठेवली तर अक्कलकोट, मैंदर्गीकडून येणारे त्यांचे पेशंट, एमआयडीसीतले मागावरचे कामगार, हे सगळे कुठंतरी जाणारच होते. होटगी रोडच्या इमारतीला तेव्हा रंग लागत होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो कॉलेजात शिकवतो, आमच्या धंद्यापासून लांब आहे. म्हणाला, "तुला पुढं केलंय त्यांनी."

"कळतंय मला."

"मग जातेस कशाला?"

"खोटं असेल तर तसं तोंडावर सांगता येईल."

सरांचं घर हॉस्पिटलच्या वरच्याच मजल्यावर. दार मॅडमनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी उघडलं. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. खालचं प्रसूतिगृह त्यांनी काही वर्षांपूर्वी बंद केलं होतं. माहेर कर्नाटकातलं, घरात दोघं कानडीच बोलायचे.

"आज इकडं कशी वाट चुकलात?" त्या म्हणाल्या. मी समितीचं नाव काढलं मात्र, त्यांचं हसू गेलं. आत जाऊन त्या सरांशी हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या.

सर बाहेर आले, समोर बसले. "कुणी पाठवलंय तुम्हाला?"

इतकी वर्षं ते मला 'अगं', 'तू' म्हणत आले होते. ते 'तुम्हाला' मला फार लागलं. मी म्हटलं, कुणी पाठवलं ते सोडा, लोक काय बोलतात ते तुमच्या कानावर घालायला आलेय. हात थरथरतो म्हणतात.

त्यांनी चहाचा काठोकाठ भरलेला कप बशीसकट उचलला आणि हात सरळ माझ्यापुढं धरला.  बशीत थेंब सांडला नाही.

"शुक्रवारी हर्नियाचं ऑपरेशन आहे. समोर उभं राहून बघा, आणि ज्यांनी पाठवलंय त्यांना जाऊन सांगा."

"कशाला उगीच?" मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. "त्यांची सकाळची ओपीडी असते."

"येईन मी," मी म्हटलं. जिना उतरताना त्या घाईचं मला नवल वाटत होतं. नवऱ्याची बाजू खरी ठरण्याची संधी आली असताना बायको नको का म्हणते? मग वाटलं, अपमानाचा राग असेल.

शुक्रवारी गेले तेव्हा थिएटरच्या बाहेर पेशंट हिरवा गाऊन घालून बसला होता. मैंदर्गीकडचा, मेंढरं राखणारा. मला नर्स समजून म्हणाला, "शिस्टर, डाक्टरच करनार न्हवं? दुसरं कुनी न्हाय ना?"

"डॉक्टरच करणार."

"म्हातारं झाल्यात म्हनत्यात लोक. असू दे की. हात लई हलका हाय त्यांचा. माज्या भावाचं बी त्यांनीच केलंय."

आत भूल देणारे डॉक्टर तयारी करत होते. सरांबरोबर त्यांची जुनी जोडी. आणि मॅडमही गाऊन चढवून, मास्क लावून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"मदतीला असते मी हल्ली," त्या म्हणाल्या. "स्टाफ मिळत नाही."

सोलापुरात थिएटरला स्टाफ मिळत नाही हे खरंच आहे. तरी मला ते नुसतं सांगायचं कारण वाटलं.

सर हात धुऊन आले. आज बरेच खुशीत होते. "माहेर कुठलं तुमचं?" त्यांनी मला विचारलं.

"केम."

"अरे वा! केमचं कुंकू!"

मला वाईट वाटलं. माझं माहेर त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यासाठी केमचं कुंकू मीच आणून द्यायची. रागानं परक्यासारखे वागताहेत, असं मी धरून चालले.

पेशंटला कमरेतून भूल दिली, आडवं केलं. सर औषधात बुडवलेला बोळा चिमट्यात धरून जांघेवर फिरवायला लागले. हर्निया उजवीकडं होता. सर डावीकडं पुसत होते.

"बलगडे री," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी सहज, भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसा.

सर क्षणभरही न अडखळता टेबलाला वळसा घालून पलीकडं गेले आणि उजवी बाजू पुसायला लागले.

अक्कलकोटच्या बाजूचे पेशंट मी वर्षानुवर्षं तपासतेय. कुठला कान दुखतो एवढं विचारण्यापुरती कानडी मला येते. बलगडे म्हणजे उजवीकडं. मी भूलतज्ज्ञांकडं पाहिलं. ते मॉनिटरकडं बघत होते, गरजेपेक्षा फार जास्त निरखून.

पुढचं ऑपरेशन मात्र असं झालं की कुणी शिकाऊ डॉक्टर असता तर त्याला उभं करून दाखवावं. हात स्थिर, कुठं घाई नाही. बोटांना रस्ता पाठ होता. रक्तही जेमतेम आलं. मला इतकं हलकं वाटलं की बलगडेचं मी मनातल्या मनात मागं ढकलून दिलं. उजवं-डावं कुणाचंही चुकतं.

शेवटचे टाके घालताना सरांनी मान वर केली. "माहेर कुठलं तुमचं?"

माझ्याआधी मॅडम बोलल्या. "केमच्या आहेत त्या. मघाशी सांगितलं ना."

"अरे वा," सर म्हणाले. "केमचं कुंकू!"

मॅडम हसल्या, मग भूलतज्ज्ञ हसले. मला हसू आलं नाही.

पेशंट बाहेर गेल्यावर थिएटरशेजारच्या खोलीत मी आणि मॅडम दोघीच होतो. त्या कपाटातली घडी घातलेली कापडं पुन्हा उलगडून घड्या घालत होत्या.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"बलगडे."

त्यांचे हात थांबले. "तुम्हाला कानडी कुणी शिकवली?"

"पेशंटनी."

"मग पेशंटला जाऊन विचारा, कुणाचं काही चुकलंय का. मी उभी असते ना रोज? माझ्या डोळ्यांदेखत एक चूक झालेली नाही."

"तुम्हाला ताप आला एक दिवस तर?"

"येत नाही."

"मॅडम..."

"तुम्ही हात बघायला आला होता. हात चांगला आहे. जाऊन सांगा तसं." त्या एकदम माझ्याजवळ आल्या. "होटगी रोडवाल्यांनी काय देऊ केलंय तुम्हाला? खोली? बोर्डावर नाव?"

"काही नाही. त्यांनी मला का पाठवलं याचा मलाही संशय आहे. पण आत्ता जे बघितलं ते मीच बघितलं. ते त्यांनी दाखवलेलं नाही."

तेवढ्यात सर आत आले. टोपी काढून घाम पुसत होते. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, तू कधी आलीस? तुझी केस आहे का आज? घे, घे, थिएटर रिकामंच आहे."

किती दिवसांनी ते मला 'तू' म्हणाले होते. आणि तासभर मी त्यांच्या समोर उभी होते.

"नाही सर," मी म्हटलं. "सहज आले होते."

"पाठ कशी आहे तुझी?"

"बरी आहे."

"जप," ते म्हणाले आणि वर निघून गेले.

मॅडम स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत. हातातली घडी मांडीवर ठेवून म्हणाल्या, "सोमवारी दोन केसेस आहेत."

"दुसरीकडं पाठवू या."

"होटगी रोडला नाही."

"नाही. तुम्ही सांगाल तिथं."

"आणि ह्यांना काय सांगू?"

 शेवटी आम्ही दोघींनी मिळून सरांना डोळे तपासायला म्हणून राजी केलं, तिथून रक्तदाब, आणि तिथून पुण्याचे मेंदूचे डॉक्टर. तपासण्या होईपर्यंत ऑपरेशन नको, हे सरांनी फार कुरकुर न करता मान्य केलं. आत कुठंतरी त्यांनाही माहीत असावं.

अध्यक्षांना मी एवढंच सांगितलं, की सरांचा हात थरथरत नाही, मी स्वतः बघून आलेय.

"मग त्यांनी ऑपरेशनं थांबवली, ती का?" बातमी माझ्याआधी पोचली होती.

"त्यांना वाटलं, थांबवली."

 मी काहीतरी दडवतेय हे त्यांना कळलं, आणि कुणासाठी दडवतेय याचा हिशोब ते मांडू लागले, हे मला दिसत होतं. "हात थरथरतो हे कुणी सांगितलं होतं?" मी पुन्हा विचारलं. या वेळी त्यांनी नाव घेतलं. नाव भूलतज्ज्ञांचं होतं. होटगी रोडच्या हॉस्पिटलात ते भागीदार आहेत, हेही मला तेव्हाच कळलं.

भूलतज्ज्ञांना मी गाठलं ते दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये. सरळ विचारलं, "खोटं का सांगितलंत?"

ते गाडीला टेकून उभे राहिले. "खरं काय सांगणार होतो? सर विसरतात म्हटलं असतं तर पहिला प्रश्न मलाच आला असता, की मग तुम्ही इतके दिवस भूल कशी देत होता? हात थरथरतो म्हटलं की मला कुणी काही विचारत नाही. कुणीतरी जाऊन बघेल, बघितलं की कळेल, असं वाटलं."

"आणि त्यांचे पेशंट तुमच्याकडं येतील, असं नाही वाटलं?"

"तेही वाटलं," ते म्हणाले. "पण आधी काय वाटलं, ते मला विचारू नका. मलाच सांगता येत नाही."

त्यांच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. दोन्ही कारणं खरी असतील. तो मेंढरंवाला गडी ज्या टेबलावर झोपला, तिथं त्याची उजवी-डावी बाजू एका बाईच्या जागेपणावर टिकून होती, आणि ते सांगायला एका खोट्याची गरज लागली, एवढं मात्र खरं.

गावात बोलायचं ते बोललं गेलंच. मी सरांना घालवलं आणि त्याबदल्यात नव्या हॉस्पिटलात माझी सोय झाली, असं निम्म्यांचं म्हणणं. मी ऑपरेशनं पुन्हा सुरू केली तेव्हा विजापूर रोडला एका लहान हॉस्पिटलात जायला लागले, होटगी रोडला गेले नाही. मग उरलेले म्हणाले, अध्यक्षांनी हिला फसवलं. त्यातलं काही सरांच्या घरीही पोचलं असावं, कारण तिथून फोन येणं बंद झालं. मॅडम रस्त्यात दिसल्या तर मान फिरवायच्या. समिती मी सोडली नाही. पुढच्या ज्या ज्या डॉक्टरांकडं गेले, त्यांनी दारातच विचारलं, कुणी पाठवलं.

बऱ्याच महिन्यांनी एका डॉक्टरांच्या मुलाच्या लग्नात जेवायला बसले होते. शेजारची खुर्ची ओढून कुणीतरी बसलं. पाहते तर मॅडम. वाढप्यानं शेंगापोळी वाढली, तूप वाढलं. त्यांनी पोळी मोडली, पण खाल्ली नाही.

"सर कसे आहेत?" मी विचारलं.

"बागेत असतात दिवसभर. मला ओळखतात अजून." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तो भूलवाला आला होता गेल्या आठवड्यात. पेढे घेऊन. तासभर बसला ह्यांच्याजवळ, जुन्या केसेस काढून बोलत होता. काय हवं असेल हो त्याला?"

"माहीत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

 "नुसता भेटायलाही आला असेल."

मॅडमनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "तुम्ही माणसांवर फार लवकर विश्वास ठेवता," त्या म्हणाल्या, आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी माझ्या पानात आणखी एक पोळी वाढायला लावली.